दारावरून चढणाऱ्या बाई

शोकसभेत एक गृहस्थ उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई सेवाभावी होत्या यात शंका नाही. पण जराशा विक्षिप्त होत्या."

सभेत माना डोलल्या. मी मागे बायकांत बसले होते. मला उठून विचारायचं होतं, जराशा? तुम्हांला जराशा कोणी सांगितलं? बाई पुऱ्या विक्षिप्त होत्या. जराशी अशी कुठलीच गोष्ट त्यांनी जन्मात केली नाही. आणि गृहस्थहो, तुमची पोरं ह्याच बाईंच्या हातावर जन्माला आली, तेव्हा तुम्ही सोप्यात बसून पान चघळत होतात आणि दर घटकेला "झालं का?" एवढंच विचारत होतात. मी बोलायला उभी राहिले, तर अध्यक्ष म्हणाले वेळ संपली. पुरुषांच्या भाषणांनी संपली होती. म्हणून आता लिहिते आहे. इथे मला घंटा वाजवून खाली बसवणारं कोणी नाही.

मी मूळची मेढ्याची, डोंगरातली. बायकांना लिहाय-वाचायला शिकवायचं आणि पत्रकं छापून गावोगाव वाटायची, ह्या कामावर इस्लामपुरात आले तेव्हा मला खोली देईना कोणी. एकटी मुलगी, त्यात सभा घेणारी. शेवटी कुणीतरी म्हणालं, त्या सुईणबाईंकडं जा, त्यांना लोकांची भीती नाही.

बाई ओसरीवर बसून मिश्री लावत होत्या. नऊवारी पातळ, केस पांढरे, आणि पायांत फौजी बूट. कुठल्याशा जवानानं बायको वाचल्याच्या आनंदात स्वतःचे काढून दिलेले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सैपाक येतोय?"

"नाही."

"झ्याक. म्हंजे माझ्या चुलीत हात घालणार न्हाईस. भाषण करतीस म्हनं?"

"करते."

"घरात करायचं न्हाई. घरात भाषण करायचं ते मीच."

खोली मिळाली. त्याच संध्याकाळी त्यांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला 'छापखाना' म्हणायला सुरुवात केली. "ए छापखाना, जेवलीस का?" गल्लीतली पोरंही मग तेच म्हणू लागली.

बाई मिरजेला नर्सिंग शिकून आलेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सासरच्यांनी केस काढायचा विषय काढला त्या दिवशी बाई घरातून निघाल्या त्या परत गेल्या नाहीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शेंगा फोडता फोडता. मी संतापून त्यावर पत्रक काढायचं म्हटलं तर म्हणाल्या, "काढ की. पर माझं त्यात नाव घालू नको आन् रडू बी नको. मी तवा बी रडले न्हवते."

त्यांच्या कामाचा मोबदला सगळ्या तालुक्यात गाजलेला होता. कोणी काही दिलं तर घेत, नाही दिलं तर मागत नसत. पण एका गोष्टीत सवलत नव्हती. बारसं होईपर्यंत विहिरीचं पाणी बाळाच्या बापानं भरायचं. गडी लावायचा नाही, भावाला पाठवायचं नाही. स्वतः, डोक्यावर घागर घेऊन, भर गावातून. चांगले मिशांना पीळ देणारे पाटील त्या पाणंदीनं घागर सांभाळत येताना मी डोळ्यांनी पाहिले आहेत. विहिरीवर बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. एका शहाण्यानं बाईंना विचारलं, "आवं, पर ह्यानं व्हतंय काय?" बाई म्हणाल्या, "पाटीलबुवा, मान दुखती का?" "दुखती की!" "मग व्हतंय."

मी आजवर इतकी भाषणं ऐकली, इतकी पत्रकं वाचली. पण त्या दोन शब्दांइतकं काम केलेलं एकही मला आठवत नाही.

आता त्यांच्या मोटारीविषयी.

कुठल्याशा संस्थानिकाच्या पागेत पडलेली जुनी मोटार बाईंनी लिलावात उचलली होती. वर कापडी टप, बाजूला रबरी फुग्याचा भोंगा, खाली रुंद फूटबोर्ड. चालवायला त्या स्वतः शिकल्या. आधी एक कुंपण पाडलं, मग एक कडब्याची गंजी, मग आली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मोजून मिळे, पण सुईण म्हणून बाईंना थोडं सुटायचं. ते त्या तुपासारखं वापरत.

ह्या मोटारीचं एकही दार उघडत नव्हतं. दारं कमरेएवढी, त्यामुळे बाई फूटबोर्डावर पाय ठेवत, पातळाचा काष्टा सावरत आणि सरळ दारावरून आत उडी घेत. बुटांसकट. बाजारपेठेत हे रोज घडे आणि रोज लोक थांबून बघत. "लाज न्हाई बाईमाणसाला," असं एक दुकानदार म्हणाला, तर बाईंनी स्टेअरिंगवरून भोंगा वाजवला आणि तो बोलायचा थांबेपर्यंत वाजवत राहिल्या.

दारं का उघडत नव्हती? तर भक्तीमुळे.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पुजतात, अवजारं पुजतात, मोटार असली तर मोटार. बाईंच्या मोटारीची पूजा करायला आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बायका येत. ज्यांना मूल हवं त्या, ज्यांना दिवस गेलेत त्या, आणि त्यांच्या सासवा. त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं, की ह्या मोटारीच्या दाराच्या बिजागरीला तेल घातलं की बाळंतपण सुरळीत होतं. दार सैल तर बाळंतीण सैल. मग प्रत्येकीनं घरच्या घाण्यावरचं करडईचं तेल आणायचं, बिजागरीत सोडायचं, वर हळद, वर कुंकू. आता करडईचं तेल वाऱ्यावर राहिलं की घट्ट होतं, चिकट पापुद्रा धरतं. वर्षानुवर्षं ते साचलं, त्यात हळदकुंकवाचा लगदा बसला, आणि बिजागरीच्या खिळी जागच्या जागी अशा धरल्या की जणू ओतून केल्या आहेत. दार सैल राहावं म्हणून घातलेल्या तेलानंच दार कायमचं मिटलं.

माझं डोकं फिरलं. मी बाईंना म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही हे चालू देता?"

"त्यास्नी धीर येतोय ना? येऊ दे. मला काय, मी चढतिया वरनं."

मी रागानं पत्रक लिहिलं. 'मोटारीला कुंकू कशाला?' असा मोठ्या अक्षरांत मथळा. सांगलीला छापून आणलं आणि वाड्यांवर वाटायला म्हणून गठ्ठे बांधून बाईंच्याच मोटारीत मागच्या बाजूला ठेवले. बाईंनी एक पत्रक वाचलं. म्हणाल्या, "झ्याक लिवलंयस. कागद बी जाड हाय." तेवढंच.

आणि मग ती सकाळ आली.

आष्ट्याच्या अलीकडच्या एका वाडीवरून एक जवान सायकल मारत आला. फौजेतून रजेवर आलेला. बायको, तानी तिचं नाव, कालपासून अडली होती. बाई भाकरी तशीच टाकून दारावरून आत पडल्या, मागून मी, आणि जवान फूटबोर्डावर.

वाडीवर पोचलो तर समोर म्हशी मोकळ्या हिंडत होत्या. बाळंतीण अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, कुलपं काढायची, झाकणं उघडायची अशी रीत. तानीच्या सासूनं ती शेवटापर्यंत नेली होती. पेट्या उघड्या, कणगी उघडी, दारं सताड, माणसांच्या शेंड्या सुटलेल्या आणि दावणीची सगळी जनावरं सोडून दिलेली. एक रेडकू स्वयंपाकघरात होतं.

बाई आत गेल्या. मी दारात उभी. आतून तानीचा आवाज येत होता. ओरडणं संपून नुसतं कण्हणं उरलेलं. थोड्या वेळानं बाई हात पुसत बाहेर आल्या.

"मूल आडवं हाय. हितं व्हायचं न्हाई. सांगलीला दवाखान्यात न्यायची, आत्ताच्या आत्ता. बैलगाडीत दचक्यानं मरंल. मोटारीत घाला."

जवान पुढे झाला. सासू उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "मोटारीचं दार मिटल्यालं हाय. समदं घर मोकळं केलं म्या, आन् सुनंला मिटल्या दाराच्या गाडीत घालू? न्हाई. मरायची तर घरात मरू दे."

मी पेटले. अज्ञान, रूढी, बायकांचे बळी, जे जे पत्रकात लिहिलं होतं ते सगळं मी तिच्या अंगावर फेकलं. म्हातारी हलली नाही. बाईंनी माझा दंड धरला.

"छापखाना, गप ऱ्हा. म्हातारी बरोबर बोलती."

"बाई!"

"आगं, आडवी बाई दारावरनं आत कशी घालशील? पोत्यावानी? चढवताना वाकली की संपलं. दार निगायलाच पायजे." मग म्हातारीकडं वळून म्हणाल्या, "दार काढून देते. पुरतंच काढते. मग धाडशील?"

म्हातारी म्हणाली, "दार मोकळं झालं तर म्या सवता गाडीत बसंन."

करार झाला. लोहार बाजाराला गेलेला. बाईंनी जवानाकडून हातोडा घेतला, एक जाड खिळा वरच्या बिजागरीच्या खिळीला खालून लावला आणि दणका दिला. मोटार दचकली, खीळ नाही. दुसरा दणका. तिसरा. खिळीचं टोक चेपून पसरलं आणि आता तर ती भोकातून वर येईल अशी आशाच राहिली नाही. घरातून तानी कण्हली. जवानानं बाईंच्या हातातून हातोडा ओढला, "सरा, दार फोडतो मी!" दार मोडलं असतं, पण पत्र्यामागचं लाकूड चिरून त्याच्या सुळक्यांवरून तिला आत न्यायची म्हणजे आणखी एक संकट.

बाई हातोडा सोडून मागे सरल्या. दाराकडं पाहत राहिल्या. आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"आयला! जल्मभर बायकास्नी सांगतिया जोर लावू नका, आन् मीच लावतिया जोर! हातोडा ठेव खाली, गड्या. आधी भार काढा हिचा."

भार म्हणजे दाराचं वजन. सगळं दार त्या दोन खिळींवर लोंबत होतं आणि त्या वजनानं खिळी आवळलेल्या होत्या. दाराखाली फूटबोर्ड होता. मधल्या फटीत पाट घातला. थोडा कमी पडला. दोन पाट जाईनात. बाईंनी मोटारीत वाकून माझा गठ्ठा उचलला आणि दोरी तोडली.

"बाई, ती पत्रकं आहेत!"

"म्हनूनच. कागद जाड हाय म्हनलं न्हवतं का?"

एकेक पत्रक घडी करून त्या पाटावर सारू लागल्या. 'मोटारीला कुंकू कशाला?', 'मोटारीला कुंकू कशाला?', 'मोटारीला कुंकू कशाला?' मीही गुडघ्यांवर बसून सारू लागले. एका घडीनंतर दारानं बारीकसं कुईं केलं आणि केसभर वर आलं. चळवळीत मी पुष्कळ कागद खर्च केला. त्यानं लोक उचलले गेले की नाही ठाऊक नाही. ते दार मात्र उचललं गेलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

"आता गरम पाणी."

बाळंतपणासाठी उकळत ठेवलेलंच होतं. फडकी बुडवून बिजागऱ्यांवर दाबली. हळदीकुंकवाचा थर मऊ पडला, लाल-पिवळा ओघळ फूटबोर्डावरून मातीत आला. सगळी वाडी तोंडाला पदर लावून पाहत होती. म्हातारीच्या डोळ्यांसमोर तिनंच दर साली घातलेलं वाहून जात होतं.

"आता रॉकेल पायजे. कुणाकडं हाय?"

लढाईचे दिवस, रॉकेल रेशनवर. घरात असेल तेवढं चिमणीत. चिमणी रिकामी केली की सांजेला अंधार. मग म्हातारीच आत गेली, आपली चिमणी आणली, वात उपटली आणि बाईंच्या हातातल्या वाटीत ओतली. तिच्यामागून शेजारीण. मग तिची जाऊ. मग बायका घरोघर पळाल्या. प्रत्येकीची चिमणी, प्रत्येकीचं चमचा-दोन चमचे. ज्या हातांनी तेल घातलं होतं त्याच हातांनी आता रॉकेल सोडलं. एक आजोबा भक्तिभावानं निखारा घेऊन आले, बिजागरी तापवायला. बाई अशा किंचाळल्या की आजोबांनी निखारा बाजूला टाकून हात जोडले.

मग बाईंनी जवानाच्या हातात पक्कड दिली. "खिळीचं डोकं धर. वर वडायचं न्हाई. नुसतं फिरव. डावीकडं. वायसं. आता उजवीकडं."

"आवं, वडतो की!"

"वडलंस तर हात मोडीन. फिरव. डावीकडं. धीर धर, ती यील. आता उजवीकडं. येतीया, वाट दे तिला."

हे बाई तानीशी बोलत होत्या की खिळीशी, मला कळेना. घरातून कण्हणं येत होतं, जवानाच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता, आणि बाई त्याच आवाजात म्हणत होत्या, वाट दे, वाट दे. खीळ आधी नखभर फिरली. मग बोटभर. चेपलेलं टोक मी त्यांच्या सांगण्यावरून कानस घेऊन घासून काढलं; बोटं सोलली, घासत राहिले. आणि मग बाईंनी खालून एकच टिचकी मारल्यासारखा हलका ठोका दिला, आणि खीळ वर आली. अशी आली की जवान मागच्या मागे बसला.

खालची तिच्यामागून आली. तिनं त्रास दिला नाही. सगळा भार वरचीवरच होता, बाई म्हणाल्या.

खटका दाबला, दार दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीला टेकवलं. बाजेवरून उचलून तानीला चादरीच्या झोळीत आडवीच आत नेली, कुठं न वाकवता. म्हातारी पायाशी बसली, बोलल्याप्रमाणे. दार नव्हतं, म्हणून दाराच्या जागी जवान बसला, पाय फूटबोर्डावर, दोन्ही हात आडवे धरून.

"बग गं तानी," बाई स्टेअरिंगवरून म्हणाल्या, "नवऱ्याचा पयल्यांदाच उपेग झाला."

तानी हसली. खरंच हसली. तेव्हा मला वाटलं, ही वाचते.

वाचली. पोटावर शस्त्रक्रिया झाली, मुलगी झाली, दोघी वाचल्या. बारसं होईपर्यंत जवानानं रजेतले उरलेले दिवस पाणी भरण्यात घालवले. आणि बारशाला मी पाळण्यात डोकावले तर उशाशी, दृष्ट लागू नये म्हणून लोखंड ठेवतात तशी, वरची खीळ ठेवलेली. मी तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "असू दे की. चावतीया व्हय?" लोहारानं दुसरी खीळ करून दिली.

दार परत बसलं, तेव्हा ते एका बोटानं उघडायचं. मी दोनतीनदा उघडून-मिटून बघितलं, लहान मुलासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई निघाल्या, फूटबोर्डावर पाय ठेवला, काष्टा सावरला आणि दारावरूनच आत उडी घेतली.

"बाई, दार उघडतं आता!"

"ते बाळंतिणीचं हाय," बाई म्हणाल्या. "मी धडधाकट हाय." आणि भोंगा वाजवला.

शेवटपर्यंत त्या वरूनच चढल्या. गृहस्थहो, हाच तुमचा 'जरासा' विक्षिप्तपणा.

यंदाच्या खंडेनवमीला मोटार अंगणात उभी होती, चालवणारं कोणी नव्हतं. मला वाटलं, आता कोण येतंय. तर सकाळीच वाड्यांवरच्या बायका आल्या. पुढे तानी, कडेवर पोरगी. हळद होती, कुंकू होतं. पण कोणाच्याही हातात तेलाची वाटी नव्हती. प्रत्येकीच्या हातात चिमणी होती. रॉकेल अजूनही मोजूनच मिळतं. तरी एकेकीनं पुढे होऊन दोन-चार थेंब बिजागरीत सोडले, बोटानं दार ढकलून पाहिलं आणि मगच कुंकवाचं बोट लावलं. बिजागरीला नाही, दाराला.

"बाई सांगून गेल्यात," तानी म्हणाली. "त्याल न्हाई, रॉकेल. आन् दार उगडून बगायचं." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुमी बी घाला की."

मी माडीवर गेले, माझी चिमणी आणली. ही पूजा नव्हे, ही देखभाल आहे, असं मी मोठ्यांदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही. तानीच्या पोरीनं कडेवरूनच हात पुढे केला आणि दार उघडलं.